दर्शनी पडद्यावरची लाल धूळ

"नांदीच्या वेळी आमचा लोगो फ्रेममध्ये आला पाहिजे हं सर," असं तो पोरगा म्हणाला आणि मी मेजरिंग टेपचं एक टोक हातात धरून तसाच उभा राहिलो. मडगावहून आला होता बिचारा, पंचविशीचा असेल, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात पांढरे शूज आणि ते देवळाच्या आवारातल्या मातीने आधीच लाल झालेले. टाइल्स की सिमेंट, काहीतरी होतं त्यांचं, नाव सांगत नाही. बारा बाय आठचे दोन फ्लेक्स, स्टेजच्या दोन्ही बाजूंना, शिवाय एक वरच्या कमानीवर. अर्धे पैसे आधी, अर्धे फोटो पाठवल्यावर. फोटोसुद्धा साधा नको, जिओ-टॅगवाला, म्हणजे जागा, तारीख, वेळ खाली छापून येते तो. आणि फोटोत नट पाहिजेत, पब्लिक पाहिजे, लोगो पाहिजे. मी म्हटलं अहो नांदीला सगळे हात जोडून उभे असतात, समोर नटराजाची मूर्ती असते, ऑर्गन वाजत असतो, त्या वेळी फोटोवाला पुढे येऊन उभा राहिला तर आमचे म्हातारे त्याला उचलून बाहेर ठेवतील. तर तो म्हणतो, "मग ड्रोनने घेऊया?"

मी आमच्या गावच्या जत्रोत्सव नाटक मंडळाचा खजिनदार. गाव डिचोली तालुक्यात, साखळीपासून फार लांब नाही, एवढंच सांगतो. नोकरी पणजीत, पण कार्तिक उजाडला की माझं अर्धं डोकं पावतीपुस्तकात असतं. गोव्याबाहेरच्या लोकांना सांगायला हवं, इकडे जत्रा म्हटली की पालखी, काला, आणि रात्री मराठी नाटक. घरात कोंकणी बोलणारी, दिवसभर ट्रक चालवणारी, पोस्टात बसणारी, शाळेत शिकवणारी माणसं त्या रात्री कपडेपट चढवून ऐतिहासिक मराठीत गर्जना करतात. दीड-दोन महिने तालमी चालतात, बायका कुरकुरतात, आणि तरी पहिल्या रांगेत त्याच बसलेल्या असतात. नाटकाच्या मध्येच माइकवरून बक्षिसं पुकारली जातात. राजा मरणाच्या दारात असतो आणि लाउडस्पीकरवर "अमुक वाड्यावरचे तमुक यांजकडून राजाच्या भूमिकेला शंभर रुपये" असं येतं, राजा मरता मरता नमस्कार करतो आणि मग मरतो. आम्हाला यात काही विचित्र वाटत नाही.

म्हणजे नाव पुकारून घेणं ही काय कंपन्यांनी आणलेली फॅशन नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर असल्या लेखांमध्ये एक सूर लागतो, पूर्वी कसं सगळं भक्तीने चालायचं आणि आता कसा बाजार झाला. पूर्वीही देणाऱ्याला मान होताच की. नवरात्रात देवळातलं मखर हलतं, म्हणजे देवाला मखरात बसवून झुलवतात, तेव्हा त्या त्या रात्रीची सेवा कुणा ना कुणा घराची असते आणि ते घर कुठलं हे अख्ख्या गावाला पाठ असतं. ख्रिश्चन वाड्यावर फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, प्रेसिदेंत असतो, त्या वर्षीचा खर्च त्याचा, मानही त्याचा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात वेगवेगळ्या समाजांचे, धंदेवाल्यांचे पार निघतात, प्रत्येकाची आपली मिरवणूक, आपले गवई, आणि आपला पार दुसऱ्यापेक्षा उजवा व्हावा ही ईर्षा. सव्वाशे वर्षं झाली त्याला, प्लेगच्या दिवसांतली ती गोष्ट. आता याला स्पॉन्सरशिप नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि दुसरं. तो जुना मान सगळ्यांसाठी कुठे होता? गोव्यातली देवस्थानं महाजनांची, पोर्तुगीज काळापासून त्याचे कायदे, याद्या, कुणाचं घराणं यादीत आणि कुणाचं नाही हे ठरलेलं. आमच्या गावात खालच्या वाड्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या ढोल वाजवायची, दिवट्या धरायची, मांडव घालायची. कामाचा मान होता त्यांना, असं आम्ही म्हणतो, आणि म्हणताना आमचा आवाज जरा खाली येतो. त्यांचं नाटक नव्हतं. म्हणजे स्टेज आमचं, तारीख आमची, वर्गणी आमची. त्यांनी स्वतःचं नाटक उभं केलं ते एका रंगाच्या डीलरने पैसे दिले म्हणून. पडदे आले, लाइट आले, फोंड्याहून कपडेपट आला. त्या डीलरला कोण महाजन आणि कोण नाही याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला रंगाचे डबे खपायला हवे होते आणि खालच्या वाड्यावर तेव्हा नवी घरं होत होती. स्टेजवर त्याचं हे भलं मोठं बॅनर होतं. मला ते तेव्हा भयंकर कुरूप वाटलं होतं. वाटणं सोपं होतं, कारण आमचा पडदा आमच्या आजोबांच्या काळापासून होता ना.

तो पडदा म्हणजे खरं तर आजोबांच्या काळातला नव्हे. जुना फाटला, मग जो नवा दर्शनी पडदा आला तो लोहखनिजाच्या खाणीवाल्यांनी दिलेला. मी तेव्हा सातवी-आठवीत. मखमल, गर्द निळा, खाली सोनेरी झालर, आणि उजव्या कोपऱ्यात खाण कंपनीचं नाव पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं, हाताच्या वितीएवढं. बस्, एवढंच. आजच्या हिशेबाने त्या कंपनीचं मार्केटिंग अगदीच भिकार म्हणायला हवं. तो पडदा वर्षभर अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, गुंडाळून ठेवलेला असायचा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी बाहेर काढायचे. आम्ही पोरं वाट बघायचो त्याची. चौघं जण चार टोकं धरून झटकायचे आणि त्यातून लाल धूळ उडायची, अशी की समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. घड्यांमध्ये, झालरीत, शिवणीत, सगळीकडे. खाणीवरून ट्रक जायचे ना आमच्या रस्त्याने, एकामागून एक, सकाळी मोजायला बसलो तर शाळेला उशीर व्हायचा. झाडांची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल, तुळशीवृंदावन लाल. पडदा खाणीने दिला आणि पडद्यावरची धूळही खाणीनेच दिली. कितीही झटका, नाटक सुरू होताना पडदा उघडला की समोरच्या रांगेतला कोणीतरी खोकायचाच. आमच्याकडे तो खोकला म्हणजे तिसरी घंटा.

त्यावर कोण बोललं का? नाही. का बोलणार? माझा काका टिप्परवर होता, समोरच्या घरातला मुलगा बार्जवर, नाटकातला राजा खाणीच्या ऑफिसात क्लार्क. विहिरी आटत होत्या, शेतात मातीचा चिखल येत होता, आणि स्मरणिकेच्या मागच्या पानावर पूर्ण पान जाहिरात, "जत्रोत्सवास हार्दिक शुभेच्छा". स्मरणिका म्हणजे काय चीज आहे हे गोयकाराला सांगायला नको, अर्ध्या पानात बेकरी, पाव पानात गॅरेज, एका ओळीत बार, आणि मध्ये कुठेतरी अध्यक्षांचं मनोगत. मी ती जाहिरात कितीदा प्रेसमध्ये नेऊन दिली. मला एकदाही वाटलं नाही की या पानाची किंमत आपण कशात मोजतोय.

गोव्याचा फुटबॉल बघा. उगाच भावनिक होऊन नव्हे, पण मान्य करावंच लागतं की खाणवाल्या घराण्यांच्या पैशाशिवाय तो तसा उभा राहिला नसता. साळगावकर 1956 पासूनचा क्लब. धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली, 2005 ते 2012 या सात-आठ वर्षांत. साळगावकरने 1999 ला जिंकली, मग 2011 ला. सेझा या खाण कंपनीची अकादमी 1999 ची, तिथे गावोगावची पोरं निवडून नेत. ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरच्या गोलपोस्टमध्ये उभा राहून भारताचा कप्तान झाला, अर्जुन पुरस्कार मिळाला. आमच्या वेळी चांगला खेळणाऱ्या मुलाला आई-बाप ओरडायचे नाहीत त्याचं कारण हेच, कंपनीत नोकरी लागेल ही आशा होती. आणि सकाळी ज्या पेपरात मॅचची बातमी वाचायची तोही बहुतेक खाणवाल्यांचाच, 'गोमन्तक' चौगुल्यांनी काढलेला, 'नवप्रभा' धेंप्यांचा. कॉलेजसुद्धा त्यांच्याच नावाचं. मुंबईच्या माझ्या एका मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग तुमच्याकडे खाणींवर टीका करायची कुणी आणि कुठे छापून? प्रश्न अगदीच काही चूक नव्हता, पण लोकांनी टीका केली, कोर्टात गेले, आणि जिंकलेही. असो.

2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदीच घातली. आमची जत्रा त्यानंतर काही आठवड्यांवर.

त्या वर्षीची मीटिंग मला लख्ख आठवते. देवळाच्या सभामंडपात वीसेक माणसं, कुणी काही बोलेना. ट्रक घराघरांपुढे उभे, बँकेचे हप्ते चालू. दरवर्षी खाणीकडून येणारी रक्कम म्हणजे नाटकाच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा आणि चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल टीमचा जवळजवळ सगळाच. कोणीतरी म्हणालं यंदा नाटक नको. तर आमचा ऐंशीच्या घरातला प्रॉम्प्टर, जो अख्खं नाटक पाठ असूनही वही हातात धरतो, तो उठून म्हणाला, "नाटक जातलें. पडदो आसा मरे?" पडदा आहे ना. झालं. बाहेरून आणायच्या दोन स्त्री-पात्रांऐवजी एक आणली, दुसरी भूमिका कापली (आणि कथानक कुणालाच कळलं नाही), लाइटवाल्याने उधारीवर काम केलं, वर्गणी पन्नास-पन्नास, शंभर-शंभरने गोळा केली. नाटक वाईट झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक म्हणतात की गरिबीत केलेलं ते नाटक सगळ्यात सुंदर झालं. नाही झालं. दुसऱ्या अंकात लाइट गेली ती वीस मिनिटं आली नाही. पण झालं.

फुटबॉल टीम मात्र त्याच वर्षी गेली. कोच महिन्याच्या पगारावर होता, तो गेला. बूट, किट, टुर्नामेंटला जायची बस, सगळं एकाच चेकमधून चालायचं, चेक थांबला. कुणी भांडलं नाही, कुणी मीटिंगसुद्धा बोलावली नाही. डिसेंबरात भातकापणी झाल्यावर मळ्यात गोलपोस्ट लागायचे ते लागले नाहीत, एवढंच. माझा भाचा त्या टीममध्ये राइट बॅक. तो काही दिवस बूट घालून अंगणातच भिंतीवर बॉल मारत बसायचा.

मी नंतर खूप विचार केला यावर, की एक टिकलं आणि एक का मेलं. नाटकावर आमचं प्रेम जास्त होतं म्हणून? तसं काही नाही, पोरांवर कोण प्रेम करत नाही? मला वाटतं नाटकाला शंभर माणसांचे हात लागलेले होते, पन्नास रुपयेवाल्यालाही ते आपलं वाटायचं, तो पुढच्या वर्षी येऊन विचारायचा यंदा कोणतं नाटक. टीमला एकच हात होता. आम्ही तिच्यासाठी कधी कुणाकडे वर्गणी मागायलाच गेलो नव्हतो, गरजच काय, कंपनी देते ना. पैसे मिळत होते म्हणून मागायची सवय गेली, आणि मागायला जातो तेव्हाच तर लोक त्या गोष्टीबद्दल बोलतात. मोठ्या पातळीवरही हेच. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघा क्लबांनी आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या लीगमधून, अंग काढून घेतलं, फुटबॉल फेडरेशनच्या नव्या योजनेचा निषेध म्हणून. कारण वेगळं, माझ्या मते रागही रास्त, पण आदल्या दिवशीपर्यंत स्टेडियममध्ये ओरडणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती, कारण तिकिटापलीकडे त्याचं त्यात काही नव्हतं. धेंपो पुढे पुन्हा आय-लीगमध्ये आला, आनंद झाला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

खाणी 2014 ला कोर्टाने मर्यादा घालून उघडल्या, वर्षाला 2 कोटी टन, आणि 2018 च्या मार्चमध्ये 88 लीजेस रद्द होऊन पुन्हा बंद. त्या मधल्या काळात आम्ही शहाणे झालो, म्हणजे दुसऱ्या दारात जायला लागलो.

तेव्हाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. 2013 चा कंपनी कायदा, कलम 135, आणि 1 एप्रिल 2014 पासून लागू. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजासाठी खर्च करायचे. मी हे सगळं वाचून काढलं, सातव्या परिशिष्टात कला आहे, संस्कृती आहे, ग्रामीण खेळ आहेत, मला वाटलं हे तर आपल्यासाठीच लिहिलंय. एका मोठ्या कंपनीला पत्र पाठवलं. बाईंचा फोन आला, फार सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या देवस्थानाच्या लेटरहेडवर आहे पत्र, धार्मिक उत्सव यादीत बसत नाही, सांस्कृतिक मंडळ असेल तर बघू. आम्ही आठ दिवसांत सांस्कृतिक मंडळ झालो, नवा शिक्का बनवला. मग त्यांनी विचारलं ट्वेल्व्ह-ए आहे का, एटी-जी आहे का, म्हणजे संस्थेची इन्कम टॅक्सकडची नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट, आणि पुढे 2021 पासून तर सीएसआर-वन फॉर्मचा नंबरही लागायला लागला. मी म्हटलं, मॅडम आमच्याकडे एक पावतीपुस्तक आहे आणि सहकारी बँकेचं पासबुक आहे. त्या हसल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "तुम्ही आमच्या मार्केटिंगच्या लोकांशी का नाही बोलत?"

यात एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेली स्पॉन्सरशिप कायद्याने सीएसआरमध्ये धरतच नाहीत. म्हणजे एकाच कंपनीचे दोन खिसे. एका खिशातले पैसे काही मागत नाहीत पण त्यांना कागद लागतात, रजिस्ट्रेशन लागतं, सीए लागतो. दुसऱ्या खिशाला कागद नको, त्याला नांदीत लोगो पाहिजे. आमच्यासारख्या गावठी मंडळांना पहिल्या खिशात हात घालता येत नाही, म्हणून मग दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. शहरात जे मोठे कलामहोत्सव होतात, डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी असतो, 2016 पासून, उद्योगपतींच्या फाउंडेशनचा, मी दरवर्षी ऑफिस सुटल्यावर जातो, जुन्या इमारतींमध्ये काय काय मांडलेलं असतं, अर्धं कळत नाही पण बघायला आवडतं. तिथे लोगो छोटे, कोपऱ्यात, दबक्या आवाजात. ज्याच्याकडे कागद आहेत त्याला सभ्य पैसा मिळतो असं माझं एक कडू मत आहे. गावात बारा बाय आठ.

(नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री जी नरकासुरांची स्पर्धा असते तिच्यावर तर बोलायलाच नको. नरकासुराला बक्षीस, नरकासुराला बॅनर, नरकासुराला डीजे. कृष्ण म्हणजे चाकांवर उभं केलेलं कुणाचं तरी चार वर्षांचं झोपाळलेलं पोर. त्याला अजून स्पॉन्सर मिळालेला मी बघितला नाही.)

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो, इतका वेळ टाळत होतो.

काही वर्षांपूर्वी पोरांची टीम पुन्हा उभी करायचं ठरलं. भाचा तोवर मोठा झाला होता, तोच कोच, फुकटात. जर्सी हव्या होत्या. एकाच्या ओळखीने एका कॅसिनोवाल्यांकडून निरोप आला, चाळीस हजार देतो, जर्सी, बूट, बॉल, अट एकच, लोगो छातीवर. मांडवीत दिवे लावून उभ्या असतात त्यातली एक बोट. मीटिंगमध्ये एक मास्तर म्हणाले हे बरं नव्हे. त्यावर दुसरा म्हणाला, मास्तर, तुम्ही विल्सचा स्टिकर लावलेली बॅट वापरत होता ती चालली? मास्तर गप्प, आणि मीही, कारण तो स्टिकर माझ्याही बॅटवर होता. 1996 चा वर्ल्ड कपच विल्सचा होता, सिगारेटच्या नावाचा, आम्हाला ते नाव म्हणजे सचिन वाटायचं, धूर आठवायचाच नाही. आणि पुढे भारताच्या जर्सीवर सहारा आलं, बायजूज आलं, ड्रीम इलेव्हन आलं, सहाराचे मालक तुरुंगात गेले, बायजूजचं दिवाळं निघालं, 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली आणि ड्रीम इलेव्हन रातोरात उतरलं. जर्सीलाच साडेसाती असावी. पण तेव्हा आम्ही म्हटलं, देशाच्या टीमला चालतं तर आम्ही कोण?

चाळीस हजारांची पावती मी फाडली. माझ्या अक्षरात.

पोरं तेरा-चौदा वर्षांची. एकवीसच्या आतल्या माणसाला कॅसिनोत पाऊल ठेवता येत नाही, आणि 2020 पासून तर गोंयकारालाच आत सोडत नाहीत, सरकारचाच नियम, आपल्या माणसांचं वाटोळं होऊ नये म्हणून. म्हणजे ज्या दारातून आमची पोरं, त्यांचे बाप, आजोबा कुणीच कायद्याने आत जाऊ शकत नाहीत, त्या दाराची पाटी त्यांच्या छातीवर. हे मला त्या वेळी सुचलं नाही हे खरं. जर्सी सुंदर होत्या, केशरी, पोरं वेडी झाली होती, रात्री घालून झोपली काही जण.

पहिल्या मॅचला आमच्या लेफ्ट विंगरच्या छातीवर लोगो नव्हता. तिथे निळ्या कापडाचं ठिगळ होतं, शाळेच्या युनिफॉर्मच्या पँटचं असावं, चौकोनी, पण एक कोपरा जरा वर गेलेला. हाताने शिवलेलं, धावदोरा. त्याची आई मैदानाच्या कडेला उभी होती, मी जवळ गेलो, काही विचारणार होतो, तिने माझ्याकडे बघितलंही नाही, खेळाकडे बघत राहिली. मला नंतर भाच्याने सांगितलं, त्या मुलाच्या बापाचं एक पूर्ण वर्ष त्या बोटींवर गेलं होतं, बंदीच्या आधी. ट्रक विकून आलेले पैसे. गावात कुणालाच माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि आम्ही मीटिंगमध्ये बसलो तेव्हा आठवलं नाही.

कंपनीला टीमचा फोटो पाठवायचा होता. मी पाठवला. तिकडून मेसेज आला, एका प्लेअरचा लोगो मिसिंग आहे. मी लिहिलं, धुताना गेला. ते म्हणाले प्रिंटिंग खराब झालं असेल तर नवी जर्सी पाठवतो, आणि खरंच पाठवली, दोन दिवसांत, चकचकीत पॅक केलेली. ती अजून माझ्या कपाटात आहे. त्या मुलाला नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, परत पाठवायचीही नाही. पुढच्या वर्षी आम्ही कॅसिनोचे पैसे घेतले नाहीत. मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्यांनीच विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हे मी स्वतःला बरेचदा विचारतो आणि दरवेळी उत्तर थोडं वेगळं येतं. सध्या टीमच्या छातीवर एका बेकरीचं नाव आहे आणि पाठीवर जहाजावर नोकरी करणाऱ्या तिघा तारवट्यांनी मिळून पैसे दिले त्यांच्या आजीचं. रक्कम तुटपुंजी, बस मिळत नाही, पोरं पिकअपच्या मागे बसून जातात. बेकरीवाला प्रत्येक मॅचला येतो आणि कोचला ओरडतो, विंगरला बॉलच देत नाही म्हणून. भाचा वैतागतो. मी म्हणतो ऐकून घे, छातीवर आहे तो.

तर या वर्षीची जत्रा. टाइल्सवाला पोरगा, बारा बाय आठ, करारात लिहिलेलं की रात्रभरात चौदा वेळा नाव पुकारायचं. पैसे घेतले, नाही कशाला म्हणू, लाइटवाल्याची जुनी उधारी होती. दर्शनी पडदा मात्र आमचा तोच, खाणीचा, मखमल आता ठिकठिकाणी विरलीय, कोपऱ्यातलं पिवळं नाव अर्धं उसवलंय, पहिली तीन अक्षरं राहिलीत. आम्ही चौघांनी धरून झटकला. इतकी वर्षं झाली, अजून लाल. तो पोरगा बाजूला उभा राहून व्हिडिओ काढत होता, त्याच्या पांढऱ्या शर्टावर सगळी धूळ गेली, मला म्हणाला, "सर, ड्राय क्लीन का नाही करून घेत?"

नांदीला फोटो काढू दिला, लांबून. त्यानेही समजून घेतलं, चांगला होता तसा.

मध्यरात्र उलटून गेल्यावर एका म्हातारीची एक्कावन्न रुपयांची चिठ्ठी अनाउन्सरकडे गेली. देऊळवाड्यावरची, सत्तरी ओलांडलेली, दरवर्षी नवऱ्याच्या नावाने बक्षीस देते, तो आमचा जुना खलनायक होता. बक्षीस खलनायकालाच. अनाउन्सर पोरगा झोपेत, त्याने टाइल्सचं नाव बाराव्यांदा पुकारलं आणि त्याच दमात तिच्या नवऱ्याचं आडनाव चुकवलं, वाडाही चुकवला, आणि बक्षीस दिलं राजाला.

सकाळी सात वाजता ती माझ्या दारात. मी ब्रश करत होतो. "कितें रे, तुमकां पयशे जाय, नांव नाका?" तुम्हाला पैसे हवेत, नाव नको? वगैरे सुरू झालं ते चहा होईपर्यंत. माझ्या बापाने कधी चूक केली नव्हती, मी पणजीला राहून बिघडलो, तिच्या नवऱ्याला मेल्यावर पण राजाच्या पंगतीत बसवला, त्याला राजा कधी आवडत नसे. मी सॉरी म्हटलं, चार वेळा. संध्याकाळी पावणी होती, देवापुढची फळं-भाज्या लिलावात काढतात ती. मी स्वतः माइक घेतला, देऊळवाडा, पूर्ण नाव, खलनायकाच्या भूमिकेला एक्कावन्न रुपये, दोनदा पुकारलं. ती दीपस्तंभापाशी उभी होती, पदर सारखा केला, म्हणाली, "आतां बरें."

मग भोपळा निघाला लिलावाला, बऱ्यापैकी मोठा. मी सहज वीस म्हटलं. ती म्हणाली तीस. मी चाळीस. ती पन्नास. लोक हसायला लागले, मला वाटलं तिला खरंच हवाय, थांबावं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी साठ म्हटलं. असं करत एकशेवीसवर नेलं आणि तिथे ती गप्प झाली, नारळ काखेला मारून घरी निघून गेली. भोपळा माझ्या गळ्यात. पावती माझ्याच हाताने माझ्याच नावाने फाडली.